पेटीतली हवा

ज्या कागदावर तुमची सही हवी असते, तो कागद लिहिला जात असताना तुम्हाला कुठं बसवतात? कधी बघितलंय?

मला भिंतीशी बसवत.

दक्षिण दिल्लीतली एक संशोधन संस्था. चौथा मजला. खोलीच्या मधोमध लांब टेबल. टेबलाभोवती छातीचे डॉक्टर, हवा मोजणारे शास्त्रज्ञ, आकडेमोड करणारे. प्रत्येकासमोर नावाची पाटी. पाटीशेजारी चिनीमातीचा कप, बशी, बशीत दोन बिस्किटं. आणि भिंतीला लागून प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग. तिथं फील्डची माणसं. भिंतीला चहा मिळायचा कागदी कपात.

माझ्या नावाची पाटी नव्हती. पहिल्या मीटिंगला सांगितलं, पुढच्या वेळी करून ठेवतो. तीन वर्षांत ती पुढची वेळ आली नाही.

त्या दिवशी माझ्या मांडीवर अकरा वह्या होत्या. गाझियाबादच्या एका गल्लीतल्या बायकांशी मी जे बोलले, जे पाहिलं, ते सगळं त्यात होतं. मला काहीतरी सांगायचं होतं आणि ते त्याच दिवशी सांगायला हवं होतं. मी हात वर केला. शाळेतल्यासारखा. तिशीतली बाई, पीएचडी झालेली, हात वर करून बसली होती.

सरांनी पाहिलं. सर म्हणजे प्रोजेक्टचे प्रमुख. ते टेबलाकडे वळून म्हणाले, "पहले नंबर्स, यार. कहानियाँ बाद में. कहानीवाली मैडम को लंच के बाद सुनेंगे."

टेबल हसलं. वाईट हसलं असंही नाही. घरातलं लहान मूल मध्येच बोललं की हसतात, तसं.

लंचनंतर खोली दुसऱ्या कुणाला दिलेली होती.

*

मी त्या खोलीत आलेच कशी, ते सांगते.

पैसे देणाऱ्यांच्या अर्जात एक रकाना होता. आरोग्यावरचं संशोधन आता एकट्या डॉक्टरांनी करायचं नाही, सगळ्या शास्त्रांनी मिळून करायचं, असा नियम आला होता. म्हणून रकाना: समाजशास्त्रातला सह-संशोधक. नाव लिहा, सही घ्या. रकाना रिकामा असेल तर अर्ज परत.

सरांना कुणीतरी माझं नाव सांगितलं. त्यांनी मला बोलावलं. मराठी निघाली म्हणून खूश झाले. सर पुण्याचे. केबिनमध्ये बसवलं, स्वतः पाणी दिलं.

"या, बसा. दिल्लीत मराठी माणूस भेटला की बरं वाटतं हो. तुम्ही मूळचे कुठले?"

"अकोल्याकडचे. पण मी इथंच वाढले."

"अच्छा, वऱ्हाडातले. वडील काय करतात?"

"रिटायर झाले. केंद्र सरकारमध्ये होते."

"वा. कोणत्या पोस्टवर?"

"दफ्तरी होते."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दफ्तरी म्हणजे फायली बांधणारा, शिवणारा, या टेबलावरून त्या टेबलावर नेणारा.

"अच्छा, अच्छा," सर म्हणाले. मग अर्ज माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "हे बघ, इथं सही कर."

पाच मिनिटांत मी 'तुम्ही'ची 'तू' झाले होते. त्यांच्या ते लक्षातही आलं नसेल. माझ्या आलं. मी सही केली.

घरी बाबांना सांगितलं, संस्थेत घेतलंय. बाबांनी एकच विचारलं, "टेबलाशी बसवतात?"

मी हो म्हणाले.

बाबा तीस वर्षं टेबलांच्या आजूबाजूला उभे राहिले. रविवारी मात्र ते दुसरेच माणूस असत. चळवळीची पत्रकं घेऊन कोपर्निकस मार्गावर महाराष्ट्र सरकारच्या अतिथिगृहासमोरच्या फुटपाथवर उभे राहायचे. महाराष्ट्रातून कामासाठी आलेल्या लोकांच्या हातात एकेक द्यायचे. मी बरोबर. दिल्लीच्या शाळेत मराठी नव्हतं. मराठी वाचायला मी त्या पत्रकांवर शिकले. त्यामुळं मला फुलांची, पाखरांची मराठी नावं अजून येत नाहीत, पण 'निषेध', 'मागणी', 'जाहीर' हे शब्द दुसरीतच येत होते. घड्या घालताना बाबा म्हणायचे, "पत्रकात एकही खोटं वाक्य नको. एक खोटं सापडलं की नव्याण्णव खरी मेली."

त्याच बाबांना मी म्हणाले, हो, टेबलाशी बसवतात.

*

गल्ली गाझियाबादच्या कारखान्यांमागे आहे. एका टोकाला भट्टी. तिथं भंगारातले धातू वितळवतात. दुपारी गल्लीत शिरलं की जिभेवर नाणं ठेवल्यासारखी चव येते. बायका खोकतात. लहान मुली खोकतात. खोकला इतका रोजचा की बोलताना कुणी थांबत नाही, वाक्याच्या मधूनच खोकून पुढं जातात.

गल्लीनं सरकारी कार्यालयात अर्ज दिला होता, भट्टी हलवा. कार्यालयानं उत्तर दिलं, तिथं शास्त्रज्ञांचं काम चालू आहे, त्यांचा अहवाल येऊ द्या. म्हणजे भट्टी राहणार की जाणार, हे आमच्या अहवालावर ठरणार होतं. आम्ही हवा वाईट म्हटलं तर अर्जाला बळ. आम्ही ठीक म्हटलं तर अर्ज मेला.

हवा मोजायला यंत्रं होती. विटेएवढं यंत्र, कमरेला पट्ट्यानं बांधायचं, त्यातून निघालेली नळी खांद्यापाशी. चोवीस तास अंगावर. बाई जिथं जाईल तिथली हवा ते ओढून घेणार आणि मिनिटामिनिटाला नोंद करणार. चालू असताना ते सारखं गुरगुरायचं. बायकांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव ठेवलं, 'सौतन', म्हणजे सवत.

कुसुमदेवी त्या गल्लीतली. चाळिशीची, बिहारची. घरी बसून प्लास्टिकचे तुकडे रंगानुसार निवडायची. एक खोली. खिडकी नाही. दारातून येईल तेवढा उजेड. चूल दारापाशीच. तिच्या दोन मुली खोकत शाळेत जायच्या, खोकत परत यायच्या. भट्टीविरुद्धच्या अर्जावर पहिला अंगठा तिचा होता.

मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा ती म्हणाली, "आप डॉक्टर हो?"

"हाँ, पर दवाईवाली नहीं."

"तो किस काम की?" म्हणाली आणि आपणच मोठ्यांदा हसली. मग मोडकं स्टूल पुसून मला दिलं. त्या गल्लीत मला कुणी भिंतीशी बसवलं नाही.

यंत्र देण्याआधी बाईची संमती घ्यायची. संमतीचा कागद इंग्रजीत होता. हिंदी करायचं काम माझं. भाषेचं काम समाजशास्त्राकडं, असं ठरलेलंच होतं. त्या कागदात संस्थेच्या प्रशासनानं घातलेलं एक वाक्य होतं, यंत्राची जबाबदारी सहभागी व्यक्तीची. मी सरांना विचारलं, हे वाक्य हवंच का? बायका घाबरतील.

"फॉरमॅलिटी आहे गं. लिहून टाक."

मी लिहून टाकलं. 'कृपया ध्यान दें, उपकरण की सुरक्षा की ज़िम्मेदारी आपकी होगी.' कृपया मी घातलं होतं. मला वाटलं, त्यानं वाक्य मऊ होईल. मग प्रत्येक दारात बसून ते वाक्य मी माझ्या आवाजात, नीट, सावकाश वाचून दाखवलं.

*

सत्य कळलं ते एका सकाळी.

यंत्रं परत आणायला लॅबचा माणूस अकरा वाजता जायचा. मी त्या दिवशी नऊ वाजताच कुसुमदेवीकडं पोचले. तिच्या मोठ्या मुलीच्या शाळेचा काही कागद भरून द्यायचा होता. कुसुमदेवी चुलीपाशी होती. खोली धुरानं भरलेली. माझे डोळे चुरचुरायला लागले. तिच्या कमरेला यंत्र नव्हतं.

पण गुरगुर ऐकू येत होती.

मी इकडं तिकडं पाहिलं. कोपऱ्यात पत्र्याची पेटी. हिरवी, वर गुलाबाचं फूल रंगवलेलं, लग्नात मिळालेली. पेटी गुरगुरत होती.

"कुसुमदेवी, मशीन?"

ती ओशाळली. हात पुसले, पेटी उघडली. वर चादर. चादरीखाली लग्नातली लाल साडी. साडीच्या घड्यांत गुंडाळलेलं यंत्र, नळीसकट, बाळासारखं. कापराचा आणि जुन्या कापडाचा वास आला. धूर पेटीत नव्हता. साऱ्या घरात एक तेवढीच स्वच्छ जागा होती.

"कब से?"

"जब भइया बाँध के गये, तब से."

"पहना नहीं?"

"पहन के काम कैसे करें? चूल्हा है, पानी है, धक्का लग जाए, टूट जाए..." ती थांबली. मग माझ्याकडं सरळ बघून म्हणाली, "आप ही ने तो पढ़ा था, मैडम. ज़िम्मेदारी आपकी होगी."

तिनं टोमणा मारला नव्हता. खरंच सांगत होती. ती माझं ऐकत होती. माझ्यावर विश्वास ठेवून तिनं घरातल्या सगळ्यात सुरक्षित जागी ते यंत्र ठेवलं होतं, जिथं ती आपली लाल साडी ठेवते.

मी त्या स्टुलावर बसले. चूल धुमसत होती. मला खोकला आला.

त्या आठवड्यात मी घरोघर गेले. आता मी हवा कशी आहे हे विचारत नव्हते. एकच विचारत होते, मशीन कहाँ रखी थी? कुणी कपाटात. कुणी पिठाच्या रिकाम्या डब्यात. कुणी रजायांच्या थप्पीखाली. एका सासूनं सुनेला हातच लावू दिला नव्हता, स्वतःच्या पेटीत घालून कुलूप लावलं होतं. मी विचारलेल्या जवळजवळ प्रत्येक घरात हेच. सगळ्यांनी माझं वाक्य ऐकलं होतं. सगळ्या वागल्याही त्याच्या बरहुकूम.

आम्ही वर्षभर पेट्यांतली हवा मोजत होतो.

*

त्या मीटिंगला मी अकरा वह्या घेऊन आले ती ही गोष्ट सांगायला. कहानीवाली मैडमला वेळ मिळाला नाही, ते वर सांगितलंच.

मग कॉरिडॉरमध्ये मी सरांना गाठलं. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, खोटं कशाला बोलू. मध्ये घड्याळ पाहिलं नाही.

"किती घरं विचारलीस?"

मी सांगितलं.

"आणि हे त्यांनी तुला तोंडी सांगितलं. मशीननं नाही सांगितलं."

"सर, मशीन पेटीत होतं. मी डोळ्यांनी पाहिलं. पेटी गुरगुरत होती."

"अगं, तू हुशार आहेस, मान्य. पण तुमच्यात गोष्ट चालते. आमच्यात पुरावा लागतो." खांद्यावर थोपटल्यासारखा हात हवेत हलवला. "असं कर. रिपोर्टात तुला एक चौकट देऊ. रंगीत. फील्डमधले अनुभव. त्या बाईचा फोटो लाव छान. साडी, पेटी वगैरे."

'तुमच्यात.' हा शब्द कुठल्या अर्थानं होता, मला ठाऊक नाही. समाजशास्त्रात, म्हणाले असतील. पण हाच शब्द बाबांनी गावातल्या हॉटेलात ऐकला होता, वेगळ्या ठेवलेल्या कपबशीबरोबर. मला तो कागदी कप आठवायला नको होता. आठवला.

दुसऱ्या दिवशी प्रीतीनं मला जिन्यात थांबवलं. प्रीती लॅबमधली, हवेच्या नोंदी संगणकावर उतरवणारी, पीएचडी करणारी. टेबलाच्या अगदी टोकाला बसायची. पाटी होती तिला.

"दीदी, कल मैंने सुन लिया था. सॉरी." मग तिनं पिशवीतून एक कागद काढला. आलेख. "ये कुसुमदेवी का घर है. देखो."

एक रेघ. इकडून तिकडं आडवी, सपाट.

"चूल्हा जलता है ना सुबह-शाम? तो लाइन ऊपर जानी चाहिए. पहाड़ जैसी. यहाँ कुछ नहीं है. सब घरों में ऐसा ही है. मुझे छह महीने से खटक रहा था, यार. सर ने कहा, घर हवादार होंगे."

हवेशीर घरं. मी हसले. जिन्यात उभी राहून मला हसू आवरेना. खिडकी नसलेलं घर हवेशीर.

बघा, काय झालं होतं. प्रीतीकडं रेघ होती, तिचा अर्थ नव्हता. माझ्याकडं अर्थ होता, रेघ नव्हती. सरांना हवा होता तो पुरावा त्यांच्याच संगणकात सहा महिने पडून होता. दोघींच्या मध्ये पाच पावलांचं अंतर, टेबलापासून भिंतीपर्यंतचं. तेवढं कुणी ओलांडलं नाही.

"मीटिंगमध्ये बोलशील?"

तिनं मान खाली घातली. "मेरी थीसिस सर के पास है, दीदी. आप कागज़ रख लो. मेरा नाम मत लेना."

*

शेवटची मीटिंग. अहवाल तयार होता. टेबलावर प्रत्येकापुढं एक प्रत. मला भिंतीशी कुणीतरी हातात आणून दिली. मी पान उलटलं. निष्कर्ष: वस्तीतील घरांमधली हवा मर्यादेत आढळली. पुढं कारण: घरांतील वायुवीजन समाधानकारक असावे. त्याखाली रंगीत चौकट. त्यात कुसुमदेवीचा फोटो. पेटीवर बसून हसणारी.

पेटीवर. यंत्र जिच्यात होतं त्याच पेटीवर. फोटो मीच काढला होता.

सह्यांचं पान टेबलावरून फिरत आलं. सगळ्यांनी केल्या होत्या. सर खुर्ची मागं सरकवून म्हणाले, "चलो, मैडम, आपकी रह गयी. साइन कीजिए, फिर चाय."

मी पान घेतलं. उठले. पाच पावलं चालले आणि टेबलापाशी उभी राहिले. बसायला जागा नव्हती, उभीच राहिले. अहवालाशेजारी तो सपाट रेघेचा कागद ठेवला.

"सर, एक सवाल है. ये मशीन उस दिन कहाँ थी?"

"मतलब?"

"यहाँ बैठे किसी ने पूछा कि मशीन कहाँ थी? चूल्हा जल रहा था और लाइन सीधी है. उस घर में खिड़की नहीं है. मशीन पेटी में थी. ये पेटी की हवा है."

एक डॉक्टर कागद उचलून बघायला लागले. भुवया वर गेल्या. मला क्षणभर वाटलं, बोलतील. त्यांनी कागद परत ठेवला, चष्मा काढला, काच पुसायला लागले.

"ये ग्राफ किसने दिया?" सर म्हणाले.

तेवढंच. रेघ बरोबर की चूक, हा प्रश्न नाही. कुणी दिला. प्रीती कीबोर्डकडं बघत होती. मी तिला दोष देत नाही. देते. थोडा देते.

"सर, सगळ्या नोंदी रद्द कराव्या लागतील. संमतीच्या कागदातलं ते वाक्य काढून परत मोजावं लागेल. ते वाक्य मी लिहिलंय. माझी चूक अहवालात माझ्या नावानं लिहा. पण हे मर्यादेत-बिर्यादेत काढा." हे मी मराठीत बोलले. त्या खोलीत पहिल्यांदा. का ते कळलं नाही, हिंदी संपलीच जणू.

सरही मराठीत आले. आवाज खाली. "तीन वर्षांचं काम आहे. किती लोकांची करिअरं आहेत यात, कळतंय? तुझ्या एका पेटीसाठी?"

"त्या गल्लीचा अर्ज यावर अडकलाय, सर."

"ते आपलं काम नाही. सही करतेस की नाही?"

"नाही."

"मग नाव काढावं लागेल."

"काढा."

सह्यांच्या पानावर माझ्या नावापुढं जागा कोरी होती. मी पेन काढलं. सही केली नाही. लिहिलं, 'ही हवा घरातली नाही, पेटीतली आहे. मी असहमत.' मराठीत. मग हिंदीत. मग इंग्रजीत, त्यांना म्हणायला नको की कळलं नाही.

भिंतीशी माझा कागदी कप ठेवला होता. चहावर साय धरली होती. तो तसाच सोडून मी वह्या उचलल्या आणि जिना उतरले.

*

पुढचं थोडक्यात. यातून काही जिंकलं, असं कुणाला वाटू नये.

माझी मुदत वाढवली नाही. सह्यांचं पान नवं छापलं. माझ्या रकान्यात दुसऱ्या एका समाजशास्त्रज्ञाचं नाव आलं, ज्यांनी ती गल्ली पाहिलेली नाही. अहवाल गेला. त्यात चौकट आहे. कुसुमदेवी हसते आहे. कार्यालयानं गल्लीला कळवलं, शास्त्रीय तपासणीत हवा मर्यादेत आहे. भट्टी चालू आहे. मी परवाच जाऊन आले, जिभेवर तीच चव.

बाबांना मी खरं सांगितलं. मी म्हणाले, "मी टेबलाशी नव्हते बसत, बाबा. भिंतीशी बसत होते. तुम्हाला खोटं सांगितलं."

बाबांनी हातातलं पत्रक घडी घालून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "भिंतीला मीही तीस वर्षं टेकलो. पण माझी सही कुणी मागितली नाही कधी. तुझी मागितली." मग विचारलं, "आणि ते जबाबदारीचं वाक्य? बायकांना वाचून दाखवलंस ते?"

"हो."

"ते तुझंच. ते कुणावर ढकलू नको."

मी ढकलत नाही. सरांनी माझा अपमान केला, हे खरं. पण तो अपमान गिळून मी जे वाक्य लिहिलं, त्यानं गल्लीचं तोंड बंद झालं. मला भिंतीशी बसवलं, तेव्हा मी उठायला हवं होतं. हवा मोजण्याआधी. 'कृपया' लिहिण्याआधी. मी तीन वर्षं कागदी कपातून चहा प्यायले आणि त्याला एकत्र काम करणं म्हटलं. थकवा येतो तो यानं. त्यांच्या हसण्यानं नाही.

मी कुसुमदेवीकडं गेले. तिच्याजवळची संमतीची प्रत मागितली. तिनं ती पेटीतूनच काढली, नीट घडी घातलेली. तिच्यासमोर मी ते वाक्य खोडलं. काय खोडलं, ते वाचून दाखवलं. मग सांगितलं, तुझ्यामुळं काही चुकलं नाही, माझ्यामुळं चुकलं.

ती म्हणाली, "तो अब?"

"अब फिर से अर्ज़ी. ये सब लिखकर. और मेरी कॉपियों के पन्ने साथ में."

"उससे होगा?"

"पता नहीं."

"चलो, पता नहीं ही सही," म्हणाली, खोकली, आणि शाई लावायला अंगठा पुढं केला. मग मागं घेतला. "रुको. पहले पढ़के सुनाओ. पूरा. इस बार हम सुनके लगाएँगे."

मी वाचलं. शेजारच्या बायका येऊन दारात उभ्या राहिल्या. दोन ठिकाणी त्यांनी मला थांबवलं. एक वाक्य बदलायला लावलं. मग अंगठे उमटले.

अहवाल असाच लिहायला हवा होता. डॉक्टर, यंत्रवाले, आकडेवाले, मी आणि ती दारातल्या बायकांची गर्दी, सगळ्यांनी एकाच जमिनीवर बसून. ज्यांना तसं बसायचं नाही, त्यांना माझी सही मिळणार नाही. रकाना रिकामा राहू दे. अर्ज परत जाऊ दे. माझ्या नावानं कुणाच्या फुप्फुसाचा खोटा दाखला मी देणार नाही. कामाविना बसावं लागलं तर बसेन. बाबांच्या घड्या घालायला माणूस लागतोच.

आता तुमच्याकडं एक मागणी आहे. उद्या तुमच्या दारात कुणी यंत्र आणि कागद घेऊन आलं, तर आधी कागद मोठ्यानं वाचून घ्या. भीती घालणारं वाक्य दिसलं तर खोडायला लावा. एक प्रत स्वतःजवळ ठेवा. आणि तुम्ही स्वतः त्या लांब टेबलाशी बसणारे असाल, तर पुढच्या मीटिंगला आकडे उघडायच्या आधी मान वळवून भिंतीकडं बघा. तिथं मांडीवर वही घेऊन कुणी बसलेलं असेल. तिला तुमच्या शेजारी खुर्ची द्या आणि पहिला प्रश्न तिला विचारा: यंत्र कुठं होतं?

तिचं उत्तर ऐकल्याशिवाय सही करू नका.